'स्किझोफ्रेनिया' या शब्दाची खतावणी



या सदराच्या नावे गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक निनावी होते. अक्षर वळणदार, भाषा संयत. एका मातेने लिहिले होते की, तिच्या तेवीस वर्षांच्या मुलाला नाशिकच्या डॉक्टरांनी तपासले आणि कागदावर एक इंग्रजी शब्द लिहून दिला. घरी आल्यावर तिने मोबाइलवर त्या शब्दाचा अर्थ शोधला, तेव्हा 'दुभंगलेले मन' असे उत्तर आले. पुढे तिचा प्रश्न होता : माझ्या मुलात दोन माणसे राहतात, असा याचा अर्थ आहे काय? आणि त्याखाली, बहुधा नंतर वेगळ्या शाईने लिहिलेले एक वाक्य : घरात हा शब्द कोणी उच्चारायचा नाही असे थोरल्या दिरांनी सांगितले आहे, कारण घरात दोन मुली लग्नाच्या आहेत.

वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. आयुष्य बँकेच्या टेबलामागे गेले. परंतु शब्दाचा अर्थ विचारला असेल, तर ते याच सदराचे काम आहे. मागील काही लेखांत आपण 'दिवाळे', 'हुंडी', 'ऑडिट' अशा व्यवहारातील शब्दांची मुळे पाहिली. या वेळी शब्द मनाचा आहे, पण चुकीच्या खात्यावर चढवलेल्या रकमेने जसा सगळ्या वहीचा मेळ बिघडतो, तसेच या शब्दाचे झाले आहे, म्हणून त्याची खतावणी तपासणे आवश्यक वाटते.

शब्द आहे 'स्किझोफ्रेनिया'. दिसायला प्राचीन ग्रीक, पण वयाने तरुण. प्राचीन ग्रीकांना हा शब्द ठाऊकच नव्हता. तो घडवला स्वित्झर्लंडमधील झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी, आणि २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिन येथे भरलेल्या जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत तो प्रथम जाहीरपणे मांडला. १९११ मध्ये त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ आला. त्या काळच्या युरोपीय विद्वानांची रीतच अशी की, नवी वस्तू सापडली की तिचे बारसे ग्रीक किंवा लॅटिन भाषेत करायचे. टेलिफोन काय, फोटोग्राफ काय, सगळी अशीच मंडळी. आपल्याकडे नव्या दुकानाच्या पाटीसाठी संस्कृत शब्द शोधतात, तसेच ते.

या जोडशब्दाचे दोन भाग आहेत. पहिला भाग 'स्खिझेइन' या ग्रीक क्रियापदातून आलेला. त्याचा अर्थ चिरणे, फाडणे, फोडणे. चर्चमध्ये फूट पडली की तिला इंग्रजीत 'सिझम' म्हणतात, १०५४ साली पूर्वेचे आणि पश्चिमेचे चर्च वेगळे झाले त्या घटनेला हेच नाव आहे. पापुद्र्यासारखे थर सुटणाऱ्या एका खडकाला भूगर्भशास्त्रात 'शिस्ट' म्हणतात, तोही याच घरातला.

आता गंमत अशी की, या ग्रीक धातूचा एक सख्खा भाऊ आपल्या दाराशी उभा आहे. संस्कृतमधील 'छिद्' हा धातू आणि हा ग्रीक शब्द हे दोन्ही एकाच आदिम मुळाचे फाटे आहेत, असे तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते. लॅटिनमधील 'स्किन्देरे' हा तिसरा भाऊ. बँकेत किंवा वकिलाकडे करार 'रिसिंड' झाला असे आपण म्हणतो, म्हणजे केलेला करार कापून रद्द केला, त्या शब्दात हा तिसरा भाऊ बसला आहे. आणि 'छिद्'चे कुटुंब तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : छेद, छिद्र, विच्छेद, छिन्नविच्छिन्न. जैन वाचकांना यात आणखी दोन शब्द आठवतील. श्रमणांच्या आचारमर्यादांचा आणि प्रायश्चित्तांचा विचार करणारी आगमे ती 'छेदसूत्रे'. आणि चारित्राच्या पाच प्रकारांतील दुसरा 'छेदोपस्थापना'. पूर्वीची दीक्षापर्याय छेदून साधूला पुन्हा महाव्रतांत स्थापित करणे, असा त्याचा एक अर्थ केला जातो. छेद झाला म्हणजे सारे संपले, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. छेदानंतर उपस्थापना आहे, इतके येथे नोंदवून पुढे जातो.

दुसरा भाग 'फ्रेन'. येथे खरी मौज आहे. आज इंग्रजी शब्दकोशात त्याचा अर्थ 'मन' असा देतात, पण होमरच्या महाकाव्यांत 'फ्रेनेस' हे डोक्यात नसून छातीत आहेत. छाती आणि पोट यांच्या मधला जो पडदा श्वासाबरोबर खालीवर होतो, ज्याला आपण श्वासपटल म्हणतो, तो किंवा त्याच्या आसपासची जागा म्हणजे फ्रेनेस, आणि तेथेच माणूस विचार करतो, घाबरतो, ठरवतो, रागावतो. आजही या पडद्याला जाणाऱ्या नसेला डॉक्टर 'फ्रेनिक नर्व्ह' म्हणतात. मनाचा शब्द शरीराच्या त्या जुन्या जागी अजून टिकून आहे. हा 'फ्रेन' मुळात कोठून आला याबद्दल मात्र विद्वानांचे एकमत नाही.

आपल्याला यात विचित्र काही वाटू नये. मराठी माणूस भीतीने 'काळजात धस्स झाले' म्हणतो, गुपित 'पोटात ठेवतो', दुःख 'उरात' बाळगतो. मेंदूत धस्स झाले असे कोणी म्हणत नाही. जैन तत्त्वज्ञानानेही मनाच्या जागेचा प्रश्न मोठ्या बारकाईने हाताळला आहे. द्रव्यमन आणि भावमन असे दोन भेद केले आणि द्रव्यमन कोठे आहे, यावर दिगंबर परंपरेने हृदयस्थानी आठ पाकळ्यांच्या कमळाच्या आकारात, तर श्वेतांबर परंपरेने सर्व शरीरभर, असे उत्तर दिले. ग्रीक कवी आणि आपले आचार्य यांच्यात काही देवघेव झाली असे मला सुचवायचे नाही. मन नावाची वस्तू कोठे ठेवावी, हा प्रश्न दोन्हीकडच्या लोकांना पडला होता आणि दोन्हीकडे बोट प्रथम छातीकडे गेले, एवढेच.

'फ्रेन'ची आणखी काही अपत्ये इंग्रजीत आहेत. 'फ्रेन्झी' आणि 'फ्रँटिक' हे दोन्ही शब्द तिथूनच आले. एकोणिसाव्या शतकात कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगण्याचे 'फ्रेनॉलॉजी' नावाचे एक खूळ युरोपात फार फोफावले होते, शास्त्र म्हणून त्याला आज काही किंमत नाही. पण मला या कुळातील सर्वांत आवडणारा शब्द इंग्रजीत फारसा उतरला नाही. तो म्हणजे 'सोफ्रोसिनी'. 'साओस' म्हणजे शाबूत, सुरक्षित, आणि 'फ्रेन' म्हणजे मन. ज्याचे मन शाबूत आहे त्याचा गुण. प्लेटोने याच गुणावर एक संवाद लिहिला. इंग्रज त्याचे भाषांतर करताना अडखळतात, कधी 'मॉडरेशन' म्हणतात, कधी 'सेल्फ कंट्रोल'. आपल्याकडे त्यासाठी बरा शब्द आहे : संयम.

आणि आपले 'मन'? त्याचे नातेवाईकही ग्रीक भाषेत आहेत. संस्कृत 'मनस्', लॅटिन 'मेन्स', इंग्रजी 'माइंड', ग्रीक 'मेनोस' हे सारे एका मुळाचे. 'मेनोस' म्हणजे आवेश, जोम. त्याच मुळातून ग्रीकांचा 'मेनिया' आला, म्हणजे उन्माद. एकाच मुळातून आम्ही विचार करणारे इंद्रिय घडवले आणि ग्रीकांनी त्या विचाराचा ताबा सुटण्याची अवस्था. 'वेड' या मराठी शब्दाचेही असेच आहे. क्रिकेटचे वेड, नाटकाचे वेड, पतंगाचे वेड हे कौतुकाने सांगतात. संक्रांतीच्या तीन दिवसांत आमच्या येवल्यात जो गच्चीवर दिसत नाही, त्यालाच वेडा म्हणतील. तोच शब्द 'वेड्यांचे इस्पितळ' या जोडीत गेला की माणसे आवाज खाली आणतात.

आता मुख्य मुद्दा. ब्लॉयलर यांना हा नवा शब्द घडवण्याची गरज का पडली? त्यापूर्वी या आजाराला जर्मन तज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी रूढ केलेले 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' असे लॅटिन नाव होते. अर्थ : अकाली बुद्धिनाश. म्हणजे नावातच निकाल लिहिलेला. तरुण वयात बुद्धीचा ऱ्हास सुरू होणार आणि तो होतच जाणार. ब्लॉयलर यांनी आपल्या रुग्णालयात अशा रुग्णांबरोबर वर्षानुवर्षे काढली होती आणि त्यांना दिसले की, हे नाव खरे नाही. हा आजार प्रत्येक वेळी कोवळ्या वयात सुरू होत नाही आणि प्रत्येक रुग्ण बुद्धिनाशाकडे जात नाही. काही सुधारतात, घरी जातात, काम करतात. चुकीचे आणि निराश करणारे नाव पुसावे, म्हणून त्यांनी नवे नाव दिले. आज भीती घालणारा हा शब्द जन्मला तो जुन्या शब्दाची भीती कमी करण्यासाठी. शब्दांचे दैव असे असते.

आणि 'चिरणे' म्हणजे काय चिरणे? ब्लॉयलर यांच्या मनात एका माणसाची दोन माणसे होणे हा अर्थ नव्हता. विचाराला विचार जोडणारे, विचाराला भावनेशी आणि भावनेला कृतीशी जोडणारे जे धागे असतात, ते सैल होतात, तुटतात, असे त्यांना म्हणायचे होते. दुःखाची बातमी ऐकून हसू येते. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी संबंध लागत नाही. स्वतःच्याच मनातला आवाज बाहेरून कोणी बोलत असल्यासारखा ऐकू येतो. शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी खात्री वाटू लागते. माणूस कोपऱ्यात बसून राहतो, आंघोळीचा, दुकानाचा, मित्रांचा कंटाळा करतो. आणि घरचे म्हणतात, आळशी झाला.

येवल्याच्या वाचकांना हे समजावणे सोपे आहे. पैठणीच्या मागावर ताण्याचे असंख्य रेशमी तार एका शिस्तीत ताणलेले असतात. त्यातले काही सैल पडले किंवा तुटले, तर पदरावरचा मोर ओळखू येईनासा होतो. पण त्या एका पैठणीच्या दोन पैठण्या झालेल्या नसतात. विणकर माग थांबवतो, तुटलेला तार बोटांनी शोधतो, सांधतो आणि पुन्हा धोटा चालू करतो. एकाच शरीरात दोन निराळी व्यक्तिमत्त्वे हे सिनेमाला प्रिय असलेले प्रकरण वेगळ्या आणि विरळ आजाराचे आहे, त्याचे खाते निराळे आहे. स्किझोफ्रेनियाची नोंद त्या खात्यावर चढवली जाते, ती केवळ नावातल्या 'चिरणे' या शब्दामुळे. वर्तमानपत्रेही धोरण आज एक आणि उद्या दुसरे असले की त्याला 'स्किझोफ्रेनिक' म्हणून मोकळी होतात. रुग्णाच्या आईला ते वाचून काय वाटत असेल, याचा विचार संपादकीय लिहिणाऱ्यांनी करावा.

तेव्हा पत्रलेखिका भगिनीला उत्तर : नाही, तुमच्या मुलात दोन माणसे राहत नाहीत. तो एकच आहे, तुमचाच आहे.

मराठीत या आजाराला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. भाषेच्या दृष्टीने हे भाषांतर इतके अचूक आहे की, ग्रीक 'स्खिझ'च्या जागी त्याचाच भाऊ 'छिन्न' येऊन बसला आहे. ज्याने कोणी हा शब्द योजला त्याच्या भाषाज्ञानाला नमस्कार. परंतु अचूक भाषांतराने मूळ शब्दातला दोषही इमानेइतबारे मराठीत आणला. 'छिन्न' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन तुकडे येतात. आणि 'छिन्नविच्छिन्न' हा शब्द अपघाताच्या बातमीत वाचून आपण दचकतो, तो दचका येथेही सोबत येतो. माझे स्पष्ट मत असे की, घरात बोलताना, विशेषतः रुग्णासमोर, हा शब्द वापरू नये. 'मनाचा आजार' म्हणावे किंवा डॉक्टरांचा मूळ शब्द वापरावा. त्याचे तुकडे झालेत असे त्याला रोज ऐकवण्याचे कारण नाही.

नावाने एवढा काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. जपानचे उदाहरण पाहा. तेथे या आजाराचे नाव 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने नवे नाव स्वीकारले. त्याचा अर्थ साधारण 'एकसंधतेतील बिघाड'. जुन्या नावाच्या काळात डॉक्टर रुग्णाला आजाराचे नाव सांगण्याचेच टाळत, सुमारे ३७ टक्के रुग्णांनाच ते सांगितले जाई. नाव बदलल्यावर तीन वर्षांच्या आत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. औषध तेच, डॉक्टर तेच, आजारही तोच. नाव उच्चारता येऊ लागले, म्हणून रुग्णाशी त्याच्या आजाराबद्दल बोलता येऊ लागले. पुढे दक्षिण कोरियानेही नाव बदलले आणि त्यांनी तर तंतुवाद्याच्या तारा जुळवण्याची कल्पना नावात घेतली. तारा बेसूर झाल्या, त्या पुन्हा जुळवायच्या. आमच्या विणकरांना आणि कोरियाच्या वादकांना एकमेकांचे म्हणणे लगेच कळेल.

महाराष्ट्रात या आजाराबद्दल उघडपणे बोलण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. ते कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीलाच हा आजार होता आणि त्यांनी तो लपवला नाही. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्या पाठबळाने झाला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात या आजाराने ग्रासलेल्या कोकणातल्या तरुणाची भूमिका केली आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण झाल्या आहेत. ज्या घरात हा प्रश्न आहे, त्यांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा. चमत्कार त्यात नाही. औषधे आहेत, चिडचिड आहे, थकवा आहे आणि सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण आहे.

आता माझ्या जुन्या टेबलाकडे येतो, कारण या शब्दाचा खरा घोळ तेथे होतो.

मी बँकेत लागलो त्या काळी परीक्षेच्या पुस्तकांत असे शिकवत की, खातेदाराचा मृत्यू, दिवाळखोरी किंवा 'लुनसी' यांची सूचना मिळताच त्याच्या धनादेशांचे पैसे देणे थांबवावे. 'लुनसी' हा लॅटिन शब्द, 'लुना' म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलांबरोबर वेड वाढते-कमी होते या समजुतीतून आलेला. देशाचा कायदाच १९१२ चा 'इंडियन लुनसी ॲक्ट' होता, तो १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलला आणि त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घेतली. चंद्र कायद्यातून गेला, पण माणसांच्या डोक्यातून गेलेला दिसत नाही. एकदा एक व्यापारी गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "साहेब, धाकट्याचं डोकं फिरलंय, डॉक्टरचा कागद आणलाय. फर्मच्या खात्यातून त्याची सही काढून टाका." मी कागद पाहिला, त्यावर आजाराचे नाव होते आणि औषधे होती, बाकी काही नव्हते. मी त्यांना म्हटले, "भाऊ, हा आजाराचा कागद आहे, हक्क काढून घेण्याचा नाही. धाकट्या भाऊंना सोबत घेऊन या, आपण तिघे बोलू." ते उठून गेले. पुन्हा आले ते महिन्याभराने, भावाला घेऊन. तो शांत होता आणि स्वतःच्या खात्यातली शिल्लक त्याला रुपयापर्यंत पाठ होती.

व्यापारी कुटुंबांनी येथे कायदा नीट समजून घ्यावा. भागीदार मनाने अस्थिर झाला म्हणून उरलेल्यांनी आपसांत ठरवून त्याला वगळता येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात त्या कारणासाठी न्यायालयाकडे जाण्याची वाट आहे, आणि त्यापूर्वी आपला भागीदारी करारनामा काय म्हणतो ते पाहावे लागते. करार करण्याच्या क्षमतेबद्दल १८७२ चा करार कायदाही विवेकी आहे : जो एरवी अस्थिर असतो पण मधूनमधून स्थिर असतो, तो स्थिर असताना करार करू शकतो. वारशाचे म्हणाल, तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्यालाही लागू आहे आणि त्याच्या कलम २८ नुसार आजार किंवा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसाहक्क जात नाही. 'त्याला काय कळतंय, त्याचा हिस्सा आम्हीच सांभाळू' असे म्हणणाऱ्या काकांनी हे कलम एकदा वाचावे. सांभाळणे वेगळे आणि नावावर करून घेणे वेगळे.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये तर स्पष्टच लिहिले आहे की, एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो कायद्याच्या दृष्टीने 'अनसाउंड माइंड' ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. मोबाइलमधल्या अर्थाचा नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा नाही आणि थोरल्या दिरांचाही नाही.

विवाहाचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो टाळत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांना लागू आहे आणि त्याच्या घटस्फोटविषयक कलमात 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द नावानिशी आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तो तेथे आला. ब्लॉयलर यांनी बर्लिनच्या सभेत उच्चारलेला शब्द अशा रीतीने आपल्या बैठकीतल्या सोयरिकीपर्यंत पोहोचला. परंतु १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर विचार करताना सांगितले की, केवळ या आजाराचे नाव लागले म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता किती, आणि त्या तीव्रतेमुळे जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षा करणे वाजवी आहे की नाही, हे पाहावे लागते. म्हणजे कायदासुद्धा शब्दाला घाबरत नाही, शब्दामागचे माप विचारतो. आपण मात्र शब्दालाच घाबरून दोन चुका करतो. एक, आजार लपवून लग्न लावतो, 'लग्न झालं की बरा होईल' असे म्हणतो, आणि दुसऱ्याच्या मुलीचे आयुष्य आपल्या भीतीपायी पणाला लावतो. तारण लपवून कर्ज घेणाऱ्याला आपण काय म्हणतो ते मला येथे लिहायला नको. दुसरी चूक, एका मुलाच्या आजारासाठी त्याच्या बहिणींचीही स्थळे परत पाठवतो. आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो हे खरे. पण वाटा म्हणजे विधिलिखित नव्हे. ज्या घराला हे जाणून घ्यायचे आहे, त्याने मनोविकारतज्ज्ञाला विचारावे, मध्यस्थाला नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २.४ कोटी लोकांना हा आजार होता, म्हणजे दर ३०० माणसांत साधारण एक. आपल्या पेठेत, आपल्या संघात, पर्युषणातल्या प्रतिक्रमणाला जमणाऱ्या गर्दीत किती घरे असतील याचा हिशोब वाचकांनीच करावा. त्या घरांतील लोक एकमेकांना ओळखतात, पण या बाबतीत ओळखत नाहीत. आणि घराचा वाटा मोठा असतो. लंडनमध्ये झालेल्या जुन्या अभ्यासांपासून पुढे अनेक ठिकाणी असे दिसून आले की, ज्या घरी सतत टोमणे, दोषारोप आणि चिडचिड असते, तेथे आजार पुन्हा उसळण्याचा धोका अधिक असतो. अहिंसेचा अर्थ आपण मुंगीपर्यंत नेला आहे, तो जेवणाच्या ताटासमोर बसलेल्या आजारी मुलापर्यंत नेण्यास हरकत नसावी.

औषधांविषयी एकच वाक्य, तेही तज्ज्ञांकडून ऐकलेले : बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यावी याबद्दल डॉक्टरांशी आणि महाराज साहेबांशी मोकळेपणाने बोलावे, लपवून गोळी टाळू नये. आयंबिलाच्या ओळीत गोळ्या सोडल्या आणि पुढे महिनाभर रुग्णालयात काढावा लागला, असे घडलेले मी पाहिले आहे.

शेवटी हिशोबाचे. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आरोग्य विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे. आपली जुनी पॉलिसी काढून तिच्यातील वगळलेल्या आजारांची यादी वाचावी, आणि त्यात मानसिक आजार अजून छापलेला असेल, तर नूतनीकरणापूर्वी एजंटला लेखी विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळण्याजोगी तीव्रता असेल, तर सरकारी रुग्णालयातून ते घ्यावे आणि प्राप्तिकरातील सवलतीबद्दल आपल्या सी. ए. ना विचारावे. त्याच कायद्यात त्या त्या गरजेपुरत्या मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, आईवडिलांच्या पश्चात मुलाचे कोण पाहील या काळजीने ज्यांची झोप उडते, त्यांनी वकिलाकडून ती समजून घ्यावी आणि मृत्युपत्र करताना भावंडांच्या बरोबरीने त्याच्यासाठी स्वतंत्र तरतूद, शक्य तर खासगी ट्रस्टच्या रूपाने, लिहून ठेवावी. आणि कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.